लोकरीला विटाळ नाही

६ नोव्हेंबर १९७८, सोमवार

ही डायरी जानेवारीत यांना बँकेतून फुकट मिळाली आणि दहा महिने रेडिओखाली उंची वाढवायच्या कामी आली. आज ओढून काढली. रेडिओ आता डुगडुगतो, पण मला लिहायला काहीतरी हवंच होतं. यांना म्हणजे मधुकररावांना. इथे तरी नाव घ्यायला काय हरकत आहे, कोण वाचतंय!

लिहायला कारणं दोन. आमची पुष्पलता पहिल्या बाळंतपणाला दिल्लीहून आली, आठवा संपत आलाय. म्हणते, "आई, नागपूरची थंडी म्हणजे गंमत आहे. तिथे हाडं वाजतात." फेब्रुवारीत बाळाला घेऊन परत जायचं तिच्या मनात आहे. म्हणजे थंडी असतानाच. तेव्हा बाळाला खऱ्या लोकरीचं काहीतरी हवं, बाजारातलं रंगीबेरंगी नको.

दुसरं कारण, आमच्या महिला मंडळाचा विणकामाचा वर्ग. दर गुरुवारी, आमच्याच बैठकीच्या खोलीत. शोभाताई अध्यक्ष, मी सेक्रेटरी, म्हणजे खुर्ची त्यांची आणि धावपळ माझी. शिकवायला जयवंता येणार. कॉर्पोरेशनच्या शाळेत शिवण शिकवते, सक्करदऱ्याला राहते, वय पस्तिशीच्या आसपास. शाळेतली नोकरी तासांवरची, आज आहे उद्या नाही. मंडळ जानेवारीत उद्योगकेंद्र काढणार आहे, तिथे तिला कायमची घ्यावी असं मी सुचवलंय.

शोभाताईंनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या जरा थांबल्या, मग म्हणाल्या, "हात चांगला आहे ना? मग झालं." मी त्यांना स्पष्ट म्हटलं, आमच्या घरात असलं काही कधी पाहिलं जात नाही. तिच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, ती तेव्हा बारा वर्षांची होती, हेही तिने मला आपणहून सांगितलंय. माणूस मोकळा आहे. मला असे लोक आवडतात.

९ नोव्हेंबर, गुरुवार

पहिला वर्ग. सात बायका आल्या, तीन जणी चहासाठीच आल्या असाव्यात.

जयवंताने टेबलावर तीन लच्छ्या मांडल्या. तिन्ही पांढऱ्या. म्हणाली, "डोळे मिटा अन् गालाले लावून पाहा. अस्सल कोणती ते सांगा." पहिला मान सेक्रेटरीचा. जी सगळ्यात मऊ, चमकदार, लोण्यासारखी होती ती मी उचलली.

"ते कॅशमिलॉन आहे ताई," ती म्हणाली. "कारखान्यात बनते. त्याले मेंढी ठाऊकच नाही."

सगळ्या हसल्या. मीही हसले, फारशी नाही.

मग तिने एकेक धागा काडीने पेटवून दाखवला. अस्सल लोकर केस जळल्यासारखा वास देत कुरकुरली आणि काडी दूर नेताच आपोआप विझली. राख बोटांत धरली तर भुगा झाला. कॅशमिलॉन वितळत गेलं आणि टोकाला काळा कडक मणी राहिला. तिसरी लच्छी मिक्स, तिचं थोडं हे, थोडं ते. अस्सल लोकर मुठीत दाबून सोडली की पुन्हा फुलते. ओली झाली तरी अंगाला गार लागत नाही. कसरही अस्सललाच लागते, नकलीला किडासुद्धा विचारत नाही. आणि नुसतं मऊ म्हणून कशाला भुलायचं नाही, हे तिने माझ्याकडे बघून सांगितलं असं मला वाटलं. पुष्पा सगळं वहीत उतरवून घेत होती.

घरात जुनी लोकर आहे का, असं तिने विचारलं. मी ट्रंकेतून सासूबाईंची धाबळी काढली. जयवंताने ती नुसती बोटांत धरली आणि म्हणाली, "देशी. धनगराच्या हातची. टोचते पण जन्मभर जाते." मी कौतुकाने सांगितलं की सासूबाई रोज ही नेसून स्वयंपाक करायच्या, सोवळ्याचं लुगडं वाळलं नसलं तरी हिच्यामुळे अडत नसे. त्या म्हणायच्या, लोकरीला विटाळ नाही.

"बरं आहे लोकरीचं," जयवंता म्हणाली आणि हसली. मीही हसले. तिला विनोद चांगला साधतो.

१६ नोव्हेंबर

बाळाच्या स्वेटरसाठी लोकर आणायला जयवंताच गांधीबागेत गेली. मी पैसे दिले आणि "अस्सल मेरिनो, तीन पदरी, दुसरं काही नको" असं चारदा बजावलं. सहा लच्छ्या आल्या. हळद घातलेल्या दुधासारखा रंग. चंपतराव म्हणून कोणी जुना दुकानदार आहे, त्याच्याकडच्या. मी गालाला लावून पाहिली. मेरिनो देशी लोकरीसारखी टोचत नाही, त्यामुळे मला पुन्हा काही कळलं नाही, पण मान हलवली.

वर्गात आज माझे टाके मोजले तर ओळीगणिक वाढत होते. बत्तिसाचे एक्केचाळीस झाले. जयवंताने सुई ओढून घेतली आणि सगळं सर्रकन उसवलं. मला कसंसंच झालं. ती म्हणाली, "घाबरू नका जी. शिवणात कापड एकदा कापलं का कापलं. विणकामात तसं नाही. कितीही चुकलं तरी उसवता येते."

हे मला फार आवडलं, म्हणून लिहून ठेवते.

२३ नोव्हेंबर

आज वर्गात लोकरीची निगा. म्हणजे धुणं, वाळवणं वगैरे. मी नेमकी स्वयंपाकघरात होते, शोभाताईंना उद्योगकेंद्राच्या जागेबद्दल बोलायचं होतं आणि त्या बोलायला लागल्या की दूध उतू जाईपर्यंत थांबत नाहीत. परत आले तेव्हा जयवंता आवराआवर करत होती. "तुमचं राहिलं, ताई. पुष्पाच्या वहीत पाहून घ्या," म्हणाली. बघेन. धुणं काय मला आता शिकायचंय? तीस वर्षं घर धुतेय.

१ डिसेंबर, शुक्रवार

मुलगा! पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी, आमच्या गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात. साडेसहा पौंड. पुष्पा ठीक आहे. हे बाहेर बाकावर बसून दोन तास एकच पान वाचत होते.

जयवंता दुपारी दवाखान्यात येऊन गेली. बाळाला बघून "आता बाह्या जरा लांब कराव्या लागतील, हात पाहा ना कसे!" म्हणाली. आत्तापर्यंत पाठ आणि पुढचे दोन भाग झालेत म्हणे.

१२ डिसेंबर, मंगळवार

बारसं झालं. नाव निखिल. तीसेक बायका. घर अजून घुगऱ्यांच्या वासाने भरलंय.

शोभाताईंनी गुलाबी टोपी, मोजे आणि झबलं असा कॅशमिलॉनचा सेट आणला. मी लगेच ओळखलं, चमकत होता. लगेच घातला बाळाला, शोभून दिसला. फोटोही काढला.

जयवंता सगळ्या गेल्यावर आली, संध्याकाळी. गर्दीत नको म्हणून असेल. तिने वर्तमानपत्रातून स्वेटर काढला आणि खरं सांगते, मी बघतच राहिले. इतकं बारीक काम मी पाहिलं नव्हतं. पुढे पानांची वेल, मानेशी तीन बटणं, आतल्या बाजूला एक गाठ दिसेल तर शपथ. शाळेतून आल्यावर रोज बसायची म्हणे. आत पुष्पा बाळाशी काहीतरी लाडाचं बोलत होती. जयवंता म्हणाली, "मीच घालून पाहू का? बाह्या बसते का ते समजून जाईल."

मी सांगितलं, बाळ नुकतंच झोपलंय.

ती बरं म्हणाली. पेढा घेऊन गेली.

१३ डिसेंबर

डोकं भणभणतंय.

सकाळी तो स्वेटर धुवायला घेतला. तान्ह्या बाळाची कातडी, कुठून कुठून आलेली वस्तू, हातापायाची धूळ असते, हवेत जंतू असतात. डॉक्टरही स्वच्छता सांगतातच. मी पातेल्यात पाणी ठेवलं, सोडा टाकला, चांगलं खदखदू दिलं आणि स्वेटर घालून काठीने हलवला. आमच्याकडे चादरी, दुपटी अशीच निघतात. अर्ध्या तासाने काढला तर हातात काय आलं? बाहुलीचा कोट. अंगठ्याएवढ्या बाह्या. पानांची वेल कुठे गेली पत्ता नाही. सगळं एकमेकांत बसून पुठ्ठ्यासारखं घट्ट. बाळाचं काय, मांजराच्या पिल्लालाही होणार नाही.

अस्सल माल कधी आटतो का? साधं मांजरपाट घेतलं तरी चांगलं असेल तर आटत नाही, हे लहान पोरीला कळतं. म्हणजे लोकर बदलली. मी दिलेले पैसे अस्सलचे आणि विणलं भलतंच. यांना सांगितलं तर हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "विचार आधी तिला." यांचं नेहमीचंच.

मला राग लोकरीचा नाही. मी तिच्यासाठी शोभाताईंशी भांडले, त्याचा आहे.

१४ डिसेंबर, गुरुवार

बोलले. सगळ्यांसमोर बोलले, कारण प्रश्न मंडळाचा होता.

वर्ग भरला होता. पुष्पा बाळाला मांडीवर घेऊन आतल्या दाराशी बसली होती. मी स्वेटर टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "जयवंता, ही अस्सल मेरिनो? पहिल्याच धुण्यात ही गत? अस्सलचे पैसे घेऊन हे दिलंस?"

तिने स्वेटर उचलला. दाबून पाहिला, नाकाजवळ नेला. मग माझ्याकडे पाहिलं, मग पुष्पाकडे, बाळाकडे. मला वाटलं आता रडेल, नाहीतर भांडेल. मी दोन्हीची तयारी केली होती.

"लोकर अस्सल होती, ताई," एवढंच म्हणाली.

"मग आटली कशी?"

तिने आपल्या सुया पिशवीत घातल्या, चपला घातल्या आणि गेली. शोभाताई म्हणाल्या, "बघा, उत्तर आहे का तिच्याकडे?" उत्तर असतं तर दिलं नसतं का? मी बरोबरच होते. पण रात्री जेवण गेलं नाही.

२१ डिसेंबर

वर्ग बंद. शोभाताईंनी उद्योगकेंद्राच्या जागेवर त्यांच्या मावसबहिणीला घ्यायचं ठरवलं. तिला धड टाके घालता येत नाहीत, पण "घरातली आहे" म्हणाल्या. लोकर बदलल्याची गोष्ट आमच्या धंतोलीभर झालीये. दूधवाल्याच्या बायकोनेही मला विचारलं. मी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे शोभाताईंना सांगितलं, तेवढंच.

पुष्पा माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. ओली बाळंतीण आहे, चिडचिड होते.

२ जानेवारी १९७९, मंगळवार

आज मी गांधीबागेत गेले. मनात असं होतं की चंपतरावाकडून लिहूनच घ्यावं, तिने कोणता माल नेला ते. म्हणजे कुणाला शंका राहायला नको.

म्हातारा गादीवर बसून चहा पीत होता. मी स्वेटर पुढे केला. त्याने चष्मा लावला, उलटासुलटा केला.

"हे कोणं केलं जी?"

"धुतलाय."

"धुतला नाही बाई, शिजवला."

मी म्हटलं, माल खोटा असल्याशिवाय आटेल कसा?

"उलटं सांगून राहिल्या तुम्ही!" त्याने कप खाली ठेवला. "खोटा माल आटतच नाही. कॅशमिलॉन उकळून पाहा, ढिलं पडते, लोंबते, पण आटत नाही. मेंढीच्या लोकरीले बारीक खवले राह्यते, नजरेले दिसत नाही. कडक पाणी, सोडा अन् वरून घोटा, का ते एकामेकात अडकून जाते. मंग देवाच्या बापाले सुटत नाही. अंथरायचे नमदे असेच तं बनते! हे अस्सल होतं म्हणूनच असं झालं."

काठाचा एक सुटा धागा त्याने कातरीने कापला आणि काडी लावली. केस जळल्याचा वास आला. राखेचा भुगा त्याने माझ्या तळहातावर ठेवला.

मग तो आपणहून म्हणाला, "त्या शाळेतल्या बाई होत्या ना? पाऊण तास बसल्या माझ्या दुकानात. सहाही लच्छ्यांचा धागा जाळून पाह्यला. मी म्हटलं, बाई, माझ्यावर भरोसा नाही का? तं म्हणे, भरोसा आहे, पण दुसऱ्याच्या घरच्या लेकराचं आहे. काही झालं तं नाव माझंच निघते."

मी उठले. त्याने मागून विचारलं, "पण उकळला काहून?"

"धुणंवालीने," मी म्हणाले.

आमच्याकडे धुणंवाली नाही.

५ जानेवारी

तीन दिवस कुणाला सांगितलं नाही. असं ठरवतेय की योग्य वेळ बघून सांगावं. एकदम गाजावाजा केला तर मंडळाचंच नाव खराब होईल. शिवाय जागा तर भरली गेलीच आहे, आता बोलून तिला काय मिळणार? आणि तिनेही तेव्हाच सांगायला हवं होतं की गरम पाण्याने असं होतं. बोलली असती तर तिथल्या तिथे मिटलं असतं.

हे मी लिहिलं, पण पुन्हा वाचताना मलाच पटलं नाही.

७ जानेवारी, रविवार

पुष्पाला सांगितलं. चंपतरावाचं सगळं. ती बाळाला तेल लावत होती, हात थांबवला नाही. म्हणाली, "माझी वही आण."

आणली. तेवीस नोव्हेंबरचं पान. तिच्याच अक्षरात: कोमट पाणी, रिठा, चोळायचं नाही, पिळायचं नाही, पंच्यात गुंडाळून सावलीत पसरायचं. खाली दोन रेघा मारून: उकळलं तर जाईल.

"मला माहीत नव्हतं ना," मी म्हणाले. "बाळासाठीच केलं. जंतू असतात."

पुष्पाने बाळाला टॉवेलात घेतलं. मग अगदी हळू म्हणाली, "शोभाकाकूंची टोपी कुठे उकळलीस तू?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. टोपी दुकानातली होती, नवी होती, वरून प्लॅस्टिकची पिशवी होती, असं म्हणणार होते. पण शोभाताईंनी टोपी पिशवीतून काढूनच आणली होती. त्यांनी ती बाळाला स्वतःच्या हातांनी घातली होती.

मी वही मिटली. 

मी कधी कुणाला दारातून परत पाठवलेलं नाही. कुणाच्या हातचं पाणी प्यायला नाही म्हटलेलं नाही. असं मी समजत आले. मग मी पातेलं कशासाठी चढवलं? त्या सकाळी मी एकदाही विचार केला नव्हता. हात आपोआप डब्यातल्या सोड्याकडे गेला होता. आणि सासूबाई, ज्यांना मी मनातून जुनाट म्हणायची, त्या सांगून गेल्या होत्या की लोकरीला विटाळ नाही. मी त्यांच्याही पुढे गेले.

१८ जानेवारी, गुरुवार

मंडळाचं हळदीकुंकू. आज सगळं सांगायचं ठरवून गेले होते. ओळी पाठ केल्या होत्या. तिळगूळ वाटून झाल्यावर उभी राहिले आणि म्हणाले, "त्या लोकरीबद्दल जरा गैरसमज झाला होता. लोकर चांगली होती. धुताना काहीतरी गडबड झाली."

"असू दे हो," शोभाताई म्हणाल्या आणि वाणाच्या डब्या पुढे सरकवल्या. कुणी तरी माझ्या साडीचा पोत विचारला.

घरी आल्यावर यांना म्हटलं, सांगितलं एकदाचं. यांनी शब्दन् शब्द विचारून घेतला. मग म्हणाले, "धुताना गडबड झाली म्हणजे कोणाची? तू आपलं नाव तर घेतलंच नाहीस." तीस वर्षांत हा माणूस वर्षाला एखादं वाक्य बोलतो आणि ते असं.

२१ जानेवारी, रविवार

स्वेटर उसवायला घेतला. वाटलं, लोकर तर अस्सलच आहे. उसवून, गुंडे करून, जयवंताकडे घेऊन जावं आणि म्हणावं, पुन्हा विण, नाहीतर मला शिकव. कितीही चुकलं तरी उसवता येतं, असं तीच म्हणाली होती.

मानेपाशी टोक सापडलं. ओढलं तर धागा आलाच नाही. सुईने सैल करून पाहिला, कात्रीच्या टोकाने उचकला. दोन इंच निघाला आणि तुटला. दुसरीकडून धरला, तिथेही तुटला. दुपारभर बसले होते. मांडीवर नुसता पिवळा भुसा पडला.

२८ जानेवारी, रविवार

सक्करदऱ्याला गेले. तलावाच्या पलीकडे, दोन गल्ल्या आत. विचारत विचारत गेले तर लोकांनी "विणकामाच्या बाई ना?" असंच विचारलं.

अंगणात चटईवर पाच-सहा मुली विणत बसल्या होत्या. जयवंताची आई, तुळसाबाई, उन्हात पाय पसरून लोकरीचा गुंडा करत होती. जयवंता उठली, मला खुर्ची दिली, मुलींना म्हणाली, "तुम्ही चालू ठेवा वं." शाळेतले तास डिसेंबरातच बंद झाले, हे मला तिथे कळलं. मुख्याध्यापिकेच्या कानावर गोष्ट गेली होती. पोरींना बाहेरची बाई शिकवते तर नाव स्वच्छ हवं, असं काहीतरी म्हणे. जयवंताने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं.

मी पिशवीतून स्वेटर काढला. "मीच उकळला," म्हटलं. "सोडा घालून."

"माहीत आहे."

"चंपतराव भेटले का तुला?"

"नाही. त्या दिवशीच समजलं. हातात घेतला तं सोड्याचा वास येऊन राहिला होता."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

 एका मुलीचा टाका सुटला होता, तो तिने उचलून दिला. मग माझ्याजवळ येऊन बसली आणि आवाज खाली घेतला.

"बोलली असती तं काहून उकळला हे विचारा लागलं असतं. मंग तुम्हाले काहीतरी सांगा लागलं असतं. खरं नाही तं खोटं. पुष्पा तिथंच होती, लेकरू मांडीवर. चौदा दिवसाचं लेकरू. त्याच्यापुढं कायले?"

म्हणजे तिने माझी अब्रू सांभाळली, आणि मी त्याच वेळी तिची घालवत होते. तोंडावर पदर घेऊन रडले मी, तिच्या अंगणात, त्या मुलींसमोर. तुळसाबाईंनी गुंडा बाजूला ठेवून पाणी आणून दिलं. मी प्यायले आणि प्यायल्यावर लक्षात आलं की त्या दोघी माझ्याकडे बघत नव्हत्या, मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या. एवढीही परीक्षा त्यांनी माझी घेतली नाही.

मी म्हटलं, "मला माफ कर. उद्योगकेंद्रात मी पुन्हा शब्द टाकते."

"नको. मी नाही येणार आता तिथं." राग नव्हता, नुसतं सांगत होती. "अन् माफी इथं कायले मागता, ताई? चोर तुम्ही मले मंडळात म्हटलं. मंडळात सांगा. मले तं माहीतच होतं मी चोर नाही."

स्वेटर उसवत नाही, असं मी म्हणाले. तिने तो हातात घेऊन वेलीच्या जागेवरून अंगठा फिरवला. "नाही उसवत हे," म्हणाली. मग आत गेली आणि कागदात बांधलेल्या दीड लच्छ्या घेऊन आली. "तुमची उरलेली. द्यायची राह्यली होती. टोपडं होईल एक."

मी विचारलं, तू विणशील का? ती म्हणाली, "तुम्हीच विणा."

१ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं. मंडळाच्या सभेत, नाव घेऊन, तारीख घेऊन. उभी राहून म्हणाले, "तो स्वेटर मी उकळला. लोकर अस्सल होती, अस्सल होती म्हणूनच आटली. जयवंताबाईंनी मला फसवलं नाही. मी उकळला तो त्यांच्या हातचा होता म्हणून. शोभाताईंची टोपी मी तशीच घालू दिली होती."  म्हटलं आता कुणीतरी उठून मला चार शब्द सुनावेल. सुनवायलाच हवे होते.

 मग शोभाताई अगदी मायेने जवळ आल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"इश्श, एवढंच ना? त्यात काय जिवाला लावून घेतलंस! मीही उकळलाच असता."

दोघीतिघींनी माना डोलावल्या. कुणीतरी माझ्यासाठी पाणी आणलं. मग उद्योगकेंद्राच्या उद्घाटनाचा विषय निघाला.

मी सेक्रेटरीपदाचा राजीनामा तिथेच लिहून दिला. तब्येतीच्या कारणाने, असं शोभाताईंनी त्यावर स्वतःच्या हाताने घातलं.

११ फेब्रुवारी, रविवार

पुष्पा आणि बाळ आज गेले. दुपारची गाडी होती. टोपडं मी विणलं. चारदा उसवलं, तरी एका कानाशी भोक राहिलंच. पुष्पाने ते बाळाच्या डोक्यावर घातलं, नाडी बांधली आणि स्टेशनवर बरंच काही सांगायचं असल्यासारखं माझ्याकडे पाहून खिडकीत बसली. कोमट पाण्यातच धू, मी म्हटलं. "मला माहीत आहे, आई," म्हणाली.

घरी येऊन स्वेटर ट्रंकेत ठेवला, सासूबाईंच्या धाबळीच्या घडीत. कडुलिंबाचा पाला घातला, कारण कसर अस्सललाच लागते. हे रेडिओ ऐकतायत. तो अजून डुगडुगतोय, त्याच्याखाली उद्या ही डायरी परत ठेवीन.

एक गोष्ट मात्र मागे चुकीची लिहिली आहे, ती दुरुस्त करून ठेवते. बारा डिसेंबरला जयवंताने विचारलं होतं, मीच घालून पाहू का. तेव्हा बाळ झोपलेलं नव्हतं. टक्क जागं होतं.